चोवीसवर अडकलेली दुपार

“निर्मला, गव्हाला लाव एरंडेल, फोनला नको,” सासूबाई म्हणाल्या. “फोनला कीड लागत नाही.”

मी फोन पदराला पुसला आणि पुन्हा बघितला. दीडचा संदेश आला होता. २४.१.

जळगावचा मे महिना, रविवार. वर्षाचे गहू आम्ही मधल्या खोलीत ओतले होते आणि आम्ही दोघी त्या ढिगाच्या दोन बाजूंना कोपरापर्यंत तेलाने माखून बसलो होतो. बाहेर पंचेचाळीसच्या वर असावं. कूलरमधून येणारी हवाही तोंडावर फुंकर मारल्यासारखी गरम लागत होती. कोपऱ्यात ओलं फडकं गुंडाळलेला माठ, त्यावर पेला उपडा.

“कुणाची तब्येत बघतेस एवढी?” सासूबाईंनी विचारलं.

“केळीची.”

“बरी आहे?”

“चोवीस.”

“मग लाव हात इकडे.”

मी हात लावला, पण लक्ष लागेना. आमच्या लॅबमध्ये केळीची रोपं बाटल्यांत वाढवतात. झाडाच्या कोंबाचे बारीक तुकडे करायचे, काचेच्या बाटलीत लावायचे, बाटल्या एका थंड खोलीत मांडणीवर ठेवायच्या, वर ट्यूबलाइट. खोली पंचवीस अंशांच्या आसपास राहिली पाहिजे. मी तिथे अडतिसाव्या वर्षी तुकडे करायला लागले होते, आणि ज्या दिवसाची गोष्ट सांगते आहे त्या दिवशी सेहेचाळिशीची होते आणि लॅबचा सर्व्हर सांभाळत होते. सर्व्हर म्हणजे ऑफिसातला एक जुना कॉम्प्युटर, ज्याला विंडोज झेपेना म्हणून कुणीतरी लिनक्स टाकून कोपऱ्यात ढकलला होता. त्याला कुणी विचारत नव्हतं, मलाही कुणी विचारत नव्हतं, म्हणून आमचं जमलं. शंभर पानी वहीत एकेक कमांड लिहून घेत, चुकत, सगळं पुसून टाकत आणि पुन्हा भरत मी शिकले. त्या कमांडचे उच्चार मला आजही धड येत नाहीत, कारण त्या मी कधी कुणाच्या तोंडून ऐकल्याच नाहीत.

त्या उन्हाळ्यात मी सर्व्हरला एक काम लावलं होतं. खोलीत एक छोटी पेटी बसवली, तिची वायर भिंतीतून ऑफिसात आणली. दर दहा मिनिटांनी सर्व्हर आपणहून जागा व्हायचा, पेटीतलं तापमान वाचायचा, जनरेटर चालू आहे की बंद ते बघायचा आणि पुन्हा गप्प व्हायचा. तापमान अठ्ठावीसच्या वर गेलं की तिघांच्या फोनवर धोक्याचा संदेश: लॅबप्रमुख अत्तरदे सर, मी आणि सुपडूभाऊ. शिवाय माझ्या एकटीच्या समाधानासाठी दर अर्ध्या तासाला नुसता आकडा, आणि जनरेटर सुरू किंवा बंद झाला की त्याची वर्दी.

सुपडूभाऊ तायडे म्हणजे त्या आधीची वीस वर्षं हेच काम पायांनी करणारा माणूस. दर तीन तासांनी खोलीत जायचं, दाराजवळच्या भिंतीवरचा काचेचा तापमापक बघायचा, वहीत आकडा लिहायचा, सही करायची. दुपारी बाराची फेरी झाली की ते सायकलने घरी जायचे. घर जवळच. त्यांच्या बायकोची, सिंधूबाईंची, दृष्टी साखरेमुळे गेली होती. त्यांना जेवायला वाढून, भांडी घासून तीनच्या फेरीला परत.

अत्तरदे सरांनी मला पंधरा दिवस दिले होते. “पंधरा दिवस फेऱ्या बंद. यंत्रावर चालवून बघू. चाललं तर सुपडूला चोपड्याच्या नर्सरीवर टाकतो, तिथे माणूस कमी आहे. नाही चाललं, तर वायकोळेबाई, तुम्ही परत तुकडे करायला.”

चोपडा म्हणजे जायला-यायला दिवसाचे चार तास. दुपारी घरी येऊन कुणाला वाढणं नाही.

मी हे सुपडूभाऊंना सांगितलं, तेव्हा ते गेटवर बसून हातावर तंबाखू मळत होते.

“यंत्राला झोप येत नाही का ताई?”

“नाही.”

“जेवायला जात नाही?”

“नाही.”

“चुकत नाही?”

“नाही,” मी म्हणाले. तेव्हा मला तसंच वाटत होतं. मग घाईने म्हणाले, “मी सरांशी बोलते. तुम्हाला नाही पाठवणार.” पण माझं सरांशी बोलून काय होणार होतं, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. त्यांनी चिमूट तोंडात टाकली आणि म्हणाले, “तुमी तुमचं काम करा.”

तो रविवार पंधरावा दिवस होता. सोमवारी सकाळी सर ठरवणार होते.

पहिले पाच दिवस माझ्या यंत्राने माझी लाज काढली होती. रोज दुपारी धोक्याचा संदेश. सर धावत यायचे, काचेच्या तापमापकावर सव्वीस-सत्तावीस. सर ऑफिसात सगळ्यांसमोर म्हणायचे, “बाई, तुमचं यंत्र फार हळवं आहे हो. उगाच डोळ्यांतून पाणी.” तुकडे करणाऱ्या मुली खाली मान घालून हसायच्या. सहाव्या दिवशी मी एक बदल केला: लागोपाठ तीनदा आकडा वर गेला तरच संदेश पाठवायचा. आणि त्या दिवसापासून यंत्र शहाणं झालं. एकही खोटा संदेश नाही. मला इतका आनंद झाला, की बदल बरोबर होता का हे तपासायला मी एकदाही पेटीजवळ गेले नाही. जी गोष्ट चालते आहे तिला कशाला हात लावा. खरं तर बघायची भीतीच वाटत होती.

दोनचा संदेश आला. २४.०.

“आता काय झालं?” सासूबाई म्हणाल्या. माझा हात गव्हात तसाच थांबला होता.

“काही नाही. चोवीसच आहे.”

“मग चांगलंच आहे की.”

चांगलंच होतं. तरी मला ते फारच चांगलं वाटलं. मी उठले, कोपराने कपाट उघडलं आणि सुपडूभाऊंच्या जुन्या वह्या काढल्या. अठ्ठावीसचा आकडा ठरवताना मी त्या घरी आणल्या होत्या. तेलकट बोटांनी मागच्या वर्षीचा मे काढला. सकाळी नऊ, पंचवीस. दुपारी बारा, सव्वीस. तीन, सत्तावीस. दुसरा दिवस, तीन वाजता सत्तावीस. तिसरा दिवस, साडेसव्वीस, आणि पुढे बारीक अक्षरात, ‘ढग होते’. त्याच्या आदल्या वर्षीचा मे. तीन वाजता सत्तावीस.

एसी चालू असला तरी वर पत्रा होता. मेच्या दुपारी ती खोली दोन अंश चढायचीच. वीस वर्षं चढत होती. आणि माझं यंत्र बारापासून चोवीसवर हटून बसलं होतं.

मग मी आधीचे संदेश बघितले. ११.४०, जनरेटर सुरू. १२.२०, जनरेटर बंद. हे वाचून तेव्हा मी खूश झाले होते: बघा, वीज गेली तेही सांगतं, आली तेही सांगतं. आता माझ्या लक्षात आलं, की वीज येऊन-जाऊन झाली की ट्यूबलाइट आपोआप लागतात, पण तो जुना एसी लागत नाही. त्याचं बटण कुणीतरी दाबावं लागतं. ते सुपडूभाऊ दाबायचे. आणि मी सर्व्हरला जनरेटरबद्दल विचारायला शिकवलं होतं, एसीबद्दल नाही.

“आई, मी लॅबला जाऊन येते.”

“या उन्हात? आणि हे गहू?”

“आल्यावर.”

“डोक्याला बांध काहीतरी! आणि पाणी पिऊन जा,” सासूबाई ओरडल्या. मी माठातून पेला भरला, दोन घोट घेतले, दात शिवशिवले इतकं गार. सनकोट चढवला, स्कार्फ गुंडाळला, तेलकट हातांनीच वही डिकीत टाकली आणि स्कूटी काढली.

एमआयडीसीचा रस्ता रिकामा होता. डांबर टायरला चिकटत होतं. मी मनात हिशेब घालत होते. वीज गेली साडेअकरानंतर. आता अडीच. ट्यूबलाइट चालू, एसी बंद, वर पत्रा. खोलीत हजारो बाटल्या होत्या, त्यांचं एक वेळ पुन्हा होईल. पण आतल्या मांडणीवर दोनशे बारा बाटल्या होत्या त्या एकाच झाडाच्या. रावेरकडच्या एका मळ्यातलं बुटकं झाड. शेजारची अख्खी बाग वाऱ्यात आडवी झाली तरी दोन वर्षं ते उभं राहिलं होतं. मग गेल्या जूनच्या वादळात तेही गेलं. जगात त्याचं जे काही उरलं होतं ते त्या बाटल्यांत होतं. त्या मेल्या तर सोमवारी माझं काय, सुपडूभाऊंचं काय, हा प्रश्नच नव्हता. मग सगळ्यांनाच घरी जायचं होतं.

गेटवर सुपडूभाऊ खुर्चीवर नव्हते. भिंतीलगत, एसीच्या बाहेरच्या पंख्यापाशी उभे होते.

“सुपडूभाऊ! हा बंद आहे?”

“हो ताई. दुपारपासून आवाज नाही याचा.”

“मग फोन नाही करायचा?”

त्यांनी खिशातून फोन काढून मला दाखवला. त्यावर काही नव्हतं. “यंत्र गप होतं. मी म्हटलं यंत्राले माहीत असंन. किल्ली तुमच्याजवळ. सर म्हणे, बाईच्या कामात हात घालू नका.” त्यांनी पंख्याच्या जाळीकडे बोट केलं. “तरी चार खेपा येऊन उभा राह्यलो इथं.”

मी कुलूप उघडलं. किल्ली दोनदा हातातून निसटली, एरंडेल.

दार उघडलं आणि आतून झळ आली. थंड खोलीतून. काचेच्या तापमापकावर एकोणचाळीस. त्याच क्षणी पर्समध्ये फोन वाजला. अडीचचा संदेश. २४.२.

“बटण दाबा,” मी म्हणाले, पण सुपडूभाऊ आधीच तिथे पोचले होते. एसी घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला आणि लागला. ट्यूबलाइट त्यांनी पटापट बंद केल्या.

“आता गार व्हायला तास लागंन,” ते म्हणाले. “त्या रावेरवाल्या काढू आधी. कटिंगच्या खोलीत दुसरा एसी आहे.”

“चला.”

आम्ही ट्रे भरून बाटल्या नेऊ लागलो. एका ट्रेमध्ये सोळा. माझे हात तेलकट, मी सनकोटाच्या बाह्या ओढून धरत होते. तिसऱ्या फेरीला एक बाटली घसरली, सुपडूभाऊंनी ती पोटावर झेलली.

“ताई, हात धुऊन या.”

“वेळ नाही.”

“दोनशे बाराच्या दोनशे अकरा करता का? धुऊन या.”

मी धुऊन आले. चौदा फेऱ्या झाल्या. बाटल्यांमधली इवली पानं हिरवी दिसत होती, पण ते लगेच कळत नाही. दहा दिवसांनी कळतं.

सरांना फोन केला. ते भुसावळला होते, निघतो म्हणाले.

मग मी परत त्या खोलीत गेले, माझी पेटी बघायला. वरच्या फळीवर, ट्यूबलाइटच्या चोकला अगदी खेटून मी ती लावली होती, कारण वायर तिथपर्यंतच पुरत होती. चोक तापतो. पहिल्या पाच दिवसांचे खोटे संदेश तिथून आले होते, हे मला स्टुलावर चढून उभी राहिल्यावर एका क्षणात कळलं. जे पंधरा दिवसांपूर्वी स्टुलावर चढून कळलं असतं.

आणि पेटीभोवती कापड गुंडाळलेलं होतं. ओलं. लाल चौकडीचा रुमाल, नीट घडी घालून, दोऱ्याने बांधलेला. त्याचं एक टोक शेजारी ठेवलेल्या बाटलीत, पाण्यात सोडलेलं, म्हणजे सुकायला नको. अगदी आमच्या माठासारखं. बाहेर जितकं तापेल तितकं आत गार.

मी तो सोडला. हाताला गारेगार लागला. मागे वळले तर सुपडूभाऊ दारात.

“तिला ताप चढायचा ताई,” ते म्हणाले. “त्या चोकनं. मी हात लावून पाह्यला होता. म्हटलं थोडा थंडावा द्यावा. पाणी शनिवारी भरून ठेवायचो, रविवारी बंद असते म्हणून.”

“कधीपासून?”

“सर तुमाले रडकं यंत्र म्हणाले ना, त्या दिसापासून.”

म्हणजे माझ्या त्या हुशार बदलाचा आणि यंत्र शहाणं होण्याचा काडीचा संबंध नव्हता.

मी काही बोलायच्या आत गाडीचा आवाज आला. मी रुमाल सनकोटाच्या खिशात कोंबला. पाणी खिशातून झिरपून खाली ठिबकायला लागलं.

अत्तरदे सर आधी कटिंगच्या खोलीत गेले. बाटल्या एकेक उचलून उजेडाकडे धरून बघत राहिले. बराच वेळ. मग माझ्याकडे आले.

“एकोणचाळीस होतं?”

“हो.”

“आणि तुमचं यंत्र?”

“चोवीस सांगत होतं.”

“कसं शक्य आहे?” मग त्यांची नजर माझ्या खिशाखालच्या पाण्यावर गेली. “हे काय?”

मी रुमाल काढला. “मी पेटीला ओलं कापड गुंडाळलं होतं, सर. पेटी चोकजवळ लावली, ती चूक माझी. खोटे संदेश यायला लागले म्हणून...”

“तुम्ही गुंडाळलं.”

“हो.”

सरांनी रुमाल हातात घेऊन उलगडला. एका कोपऱ्यात निळ्या दोऱ्याने ‘सु’ काढलेला होता. वळण जरा वाकडं, पण टाके बारीक.

“वायकोळेबाई,” ते शांतपणे म्हणाले, “तुमच्या नावात ‘सु’ कुठे येतो?”

“माझा आहे सर,” सुपडूभाऊ पुढे आले. “सिंधूनं काढेल आहे ते. डोळे होते तवा. बाईंचा काही संबंध नाही. त्यांना तर माहीतच नव्हतं.”

“म्हणजे दहा दिवस,” सर म्हणाले, “आपण या खोलीचं नाही, सुपडूच्या रुमालाचं तापमान मोजत होतो.”

यंत्रात ढवळाढवळ केली म्हणून सुपडूभाऊ आत्ता जाणार, चोपड्याला नाही, कायमचे. हे मला सरांच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. मी आयुष्यात कधी साहेबाचं बोलणं तोडलं नव्हतं.

“सर, मला हे कळलं कसं ते आधी विचारा.”

“कसं?”

मी स्कूटीच्या डिकीतून वही आणून टेबलावर आपटली. पानांवर माझ्या बोटांचे तेलाचे ठसे. “यांच्या वहीतून. यंत्र म्हणत होतं चोवीस. वही म्हणत होती, मेमध्ये दुपारी सत्तावीस असतं, चोवीस कसं? ही वही नसती तर मी आत्ता घरी गहू चोळत असते. सोमवारी आपण दार उघडलं असतं आणि आत नुसतं शिजलेलं असतं.”

“वही बंद आहे पंधरा दिवसांपासून.”

“मीच बंद करायला लावली. सुरू करा.”

“मग तुमच्या यंत्राचा उपयोग काय?”

“यंत्र यांची वाट बघेल,” मी म्हणाले. ते वाक्य तोंडातून पडलं आणि मग मला समजलं, की हे करता येईल. “दर तीन तासांनी हे आत जातील, काचेवरचा आकडा बघतील आणि ऑफिसात येऊन सर्व्हरवर तो टाइप करतील. यांचा आकडा आणि पेटीचा आकडा दोन अंशांनी जरी वेगळा निघाला तर तिघांना संदेश. आणि आकडा आलाच नाही, तर अर्ध्या तासात तिघांना संदेश. पेटी चुकली तर हे सांगतील. हे आले नाहीत तर यंत्र सांगेल.”

सर सुपडूभाऊंकडे बघत होते. “टाइप येतं का रे तुला?”

“दोन आकडे तर येतीन,” सुपडूभाऊ म्हणाले. “वीस वर्षं तेवढेच लिहून राह्यलो.”

सरांनी रुमाल पिळला, पाणी तिथेच फरशीवर सांडलं, आणि तो सुपडूभाऊंच्या खांद्यावर टाकला. “उद्या नऊला दाखवा मला,” ते मला म्हणाले. “चोकपासून लांब लावून.” आणि पुन्हा बाटल्या बघायला गेले.

संध्याकाळी कुलूप लावून निघाले तेव्हा सुपडूभाऊ गेटवर होते. रुमाल सायकलच्या हँडलवर वाळत घातलेला.

“सुपडूभाऊ, एक विचारू? यंत्र नीट चाललं असतं तर उद्या तुम्हाला चोपड्याला जावं लागलं असतं. माहीत होतं ना?”

“माहीत होतं की.”

“खोटे संदेश येत राहिले असते तर यंत्र आपोआप बाद झालं असतं. तुम्ही काही केलं नसतं तरी चाललं असतं.”

“हो.”

“मग?”

त्यांनी सायकलचं स्टँड काढलं. “रोज बोलू राह्यले होते सर तुमाले, समद्यांसमोर. मले खिडकीतून ऐकू यायचं,” ते म्हणाले. आणि सायकलवर टांग टाकत, “जातो ताई. सिंधू जेवायची राह्यली आज.”

त्या दोनशे बारांपैकी एकतीस काळ्या पडल्या, एकशे एक्क्याऐंशी जगल्या. आज त्यांची पिलावळ रावेरपासून चोपड्यापर्यंत शेतांत उभी आहे. त्या संध्याकाळी मी घरी पोचले तेव्हा सासूबाईंनी सगळा गहू एकट्यांनी चोळून कोठीत भरला होता आणि माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत.

सोमवारी पहाटे उठून मी ती नवी तपासणी लिहिली. प्रत्येक तपासणीला नाव द्यावं लागतं. मला घाईत दुसरं सुचेना, म्हणून इंग्रजी अक्षरांत लिहून टाकलं, ‘सुपडू आला का’. आकडा भरणाऱ्याचं नावही त्यात पक्कं करून टाकलं. नवाला सरांसमोर सुपडूभाऊंनी एका बोटाने २५ दाबलं, मग एंटर शोधायला थोडा वेळ गेला, आणि पडद्यावर ‘आला’ असं उमटलं.

चार वर्षांनी ते निवृत्त झाले. त्यांच्या जागी जैतुनबी आल्या. पहिल्याच दिवशी त्या माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या, “मॅडम, मैं अपना नाम डालती, तो ये लेताच नहीं.”

बदलायला दोन मिनिटं पुरली असती. मी त्यांना म्हणाले, “सध्या सुपडू टाका.”

सर्व्हर दोनदा बदलला, तरी ती तपासणी मी जशीच्या तशी उचलून नव्यावर ठेवत आले. यंत्राच्या लेखी सुपडूभाऊ अजून सकाळी सहा ते रात्री नऊ, दर तीन तासांनी येऊन जातात. मेच्या दुपारी तीनला सत्तावीस लिहितात.